रंगीत तालमीतलं मरण

पडदेवाल्या बाई वर्षातून एकदा मरायच्या, आणि फार छान मरायच्या.

एरवी त्या घरी शिलाई मशीनवर बसून लोकांच्या खिडक्यांचे पडदे, गाद्यांच्या खोळी, उशांचे अभ्रे शिवायच्या. त्यावरून हे नाव पडलं. मरण्याचं काम पुढे आलं ते सरकारी अनुदानामुळे. शहराच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाला एके वर्षी अनुदान मंजूर झालं आणि त्याच्यासोबत एक अट आली: दरवर्षी एक रंगीत तालीम झालीच पाहिजे, आणि तिचं चित्रीकरण वर पाठवलं पाहिजे. खोटी आग, खोटा धूर, खोटे जखमी. खरे फक्त अग्निशमनवाले आणि डॉक्टर. आता खोटे जखमी कुठून आणायचे? कार्यालयातली माणसं गल्लीगल्लीत विचारत फिरली. धाकटी नणंद म्हणाली, "वहिनी, जाऊ या की. चहा-नाश्ता आहे म्हणे." नणंद टायपिंगच्या क्लासात शिकवायची, ह्यांच्याच घरात राहायची, आणि कुठलीही गंमत सोडायची नाही.

पहिल्या वर्षी बाईंना मोडलेला पाय मिळाला. त्यांनी असा काही टाहो फोडला की स्ट्रेचर उचलणाऱ्या एका दांडग्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपत्ती अधिकारी खूश. ह्या अधिकाऱ्यांना सगळे आपत्तीसाहेब म्हणायचे, तोंडावरसुद्धा, आणि ते हसून ओ द्यायचे. माणूस वाईट नव्हता. शहरात भोंगा नव्हता, तो त्यांनी आणला. रुग्णालयाला एकच जुनी रुग्णवाहिका होती, दुसरी मिळवायला ते वर खेटे घालत होते. पुढच्या वर्षी त्यांनी बाईंना बढती दिली. गळ्यात काळी चिठ्ठी.

चिठ्ठ्यांचा अर्थ डॉक्टरांनी सगळ्यांना उभं करून समजावला होता. हिरवी म्हणजे चालता येतंय, थांबू शकतो. पिवळी म्हणजे जखमी, पण धीर धरू शकतो. लाल म्हणजे आत्ता उचला, नाहीतर हातचा जाईल. "आणि काळी म्हणजे त्याच्यासाठी आता काही करता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "त्याच्यापाशी थांबायचं नाही. ओलांडून पुढे जायचं. कठीण वाटतं, पण वेळ जगणाऱ्यावर घालवायचा असतो."

बाईंना ते काम आवडलं. उन्हात आडवं पडायचं, लोक इकडून तिकडून उड्या मारत जाणार, आपल्याला कोणी हात लावणार नाही. एकदाच घोटाळा झाला. नाकावर माशी बसली आणि मेलेल्या बाई फिसकन हसल्या. चित्रीकरणात ते आलं. साहेबांनी हात जोडले. "बाई, काहीही होऊ दे, मेलेल्यानं हलायचं नाही. आमचा पुढचा हप्ता तुमच्या नाकावर अडकलाय."

नवऱ्याला हे सगळं खटकायचं. तो शीतगृहात यंत्रांचा मिस्त्री होता. कमी बोलणारा, जेवतानाही कान बाहेर असलेला. "दरवर्षी मरायला जातेस, शोभतं का?" तो म्हणायचा.

"फुकट नाही मरत, चहा देतात," बाई म्हणायच्या. नणंद खिदळायची.

ज्या वर्षीची ही गोष्ट आहे, त्या वर्षी तालीम त्याच शीतगृहात ठरली. आर्थिक वर्ष संपत आलं होतं. नवी रुग्णवाहिका आली होती, भोंगे लागले होते, पण उरलेल्या सामानासाठीचा हप्ता तालीम झाल्याशिवाय सुटणार नव्हता. साहेबांना जागा हवी होती ती खऱ्या धोक्याची, कारण तशी सूचनाच आली होती. शीतगृहाच्या भिंतींतून अमोनियाचे नळ फिरले होते. आत बटाटे, सफरचंदं, बर्फाच्या लाद्या, आणि कुंपणाला लागून घरांची रांग. ह्याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. शीतगृहाचा मॅनेजर आधी कुरकुरला. पण पुढच्या हप्त्यातून वायूची सूचना देणारं यंत्र आणि मुखवटे मिळणार होते, तेही फुकट. मग तो साहेबांना हार घालायला स्वतः दारात उभा राहिला.

आदल्या दिवशी नवरा घरी आला, पानावर बसला, पण घास घेईना.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"उद्या मला मुख्य व्हॉल्व्हचं चाक फिरवायचंय. कॅमेऱ्यासमोर. गळती झाली, मिस्त्रीनं धावत जाऊन वायू बंद केला, असं दाखवायचं आहे."

"अय्या, दादा हिरो!" नणंद म्हणाली.

"त्या चाकाला कित्येक वर्षांत कोणी हात लावलेला नाही. मी मॅनेजरला म्हटलं, नुसता हात ठेवतो. तर साहेब म्हणतात, चाक फिरताना दिसलं पाहिजे."

बाई सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मग फिरवा की जरासं. तुम्ही ना, लग्नाच्या फोटोतसुद्धा पासपोर्टसारखे उभे होतात. करताच आहात तर जरा जीव ओतून करा."

थोड्या वेळानं नवऱ्यानं उठून हात धुतले, जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीतगृहाच्या आवारात जत्रेसारखी गर्दी होती. कुंपणापलीकडच्या घरांतली बायकापोरं बघायला आत आली होती. त्यांच्यासाठी दोरी बांधून जागा केली होती. एका बाजूला रुग्णालयाची जुनी रुग्णवाहिका, पत्रा ठिकठिकाणी चेमटलेला. तिच्या शेजारी अनुदानातली नवी, पांढरी शुभ्र. तिच्या आरशाला उद्घाटनाची फीत अजून लटकत होती. तालमीची तालीम आधीच्या दिवशी झाली होती, त्यात बाईंना गंमत म्हणून नव्या गाडीत झोपवलं होतं. बाईंनी डोक्याजवळच्या प्राणवायूच्या सिलिंडरवर टिचकी मारली तर तो टणकन वाजला होता.

"रिकामा आहे का हो?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं होतं.

"भरण्याचे पैसे पुढच्या हप्त्यात आहेत," ड्रायव्हर म्हणाला होता. "मेलेल्याला काय करायचाय प्राणवायू?" आणि दोघं हसले होते.

माल उतरवायच्या फलाटावर हमाल पाय सोडून बसले होते. त्यांच्यात लंबू होता. दारातून आत येताना नेहमी वाकणारा, नवऱ्याचा दुपारच्या चहाचा सोबती. त्याची बायको आणि शाळेतली मुलगी दोरीपाशी उभ्या होत्या. "वहिनी, यंदा हसू नका!" तो फलाटावरून ओरडला. बाईंनी त्याच्यावर डोळे वटारले आणि यंत्रघराच्या दारासमोर, ठरलेल्या जागी, आडव्या झाल्या. गळ्यात काळी चिठ्ठी. चार हातांवर नणंद, तिच्या गळ्यात लाल, कपाळावर रंगाचं रक्त. भोंगा वाजला. धुराचं नळकांडं फुटलं. कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, वायू बंद करा!" आणि बाईंना नवऱ्याची पावलं आपल्या डोक्याजवळून आत जाताना ऐकू आली. पाठोपाठ कॅमेरावाला गेला.

बाई डोळे मिटून होत्या. आतून साहेबांचा आवाज येत होता, "अजून थोडं! अजून! चाक दिसू दे!" मग कसलातरी कडक आवाज झाला, लोखंडाचा. त्यानंतर शिट्टी. बारीक, लांबत जाणारी.

तालमीत शिट्टी नव्हती.

मग वास आला. घाण मुतारीचा असावा तसा, पण त्याच्या शंभरपट उग्र. नाकातून थेट डोळ्यांत घुसणारा. बाईंनी डोळे उघडले. यंत्रघराच्या दारातून पांढरं धुकं बाहेर येत होतं. वर न जाता ते जमिनीवरून, ओल्या कपड्यासारखं सरपटत येत होतं. कॅमेरावाला त्यातून बाहेर पडला आणि कॅमेरा टाकून पळाला. साहेब त्याच्यामागे, तोंडावर दोन्ही हात घेऊन. नवरा आला नाही.

बाई उठून बसल्या. एक स्वयंसेवक दुरूनच ओरडला, "बाई, काळी आहे तुमची! आडव्या व्हा!"

"खरं आहे हे! पळा!" बाई किंचाळल्या. "वायू सुटलाय! खरा!"

दोरीपलीकडे लोक हसले. कुणीतरी टाळी वाजवली, मग पुष्कळांनी वाजवली. दरवर्षी बाई काहीतरी नवीन करायच्या. "मेलेली जिवंत झाली!" एक म्हातारा कौतुकानं म्हणाला. बाईंनी गळा ताणून पुन्हा सांगितलं, छाती बडवली, हात जोडले. जितक्या त्या आकांत करत होत्या, तितक्या जोरात टाळ्या पडत होत्या. धुकं नणंदेच्या पायांपर्यंत आलं होतं, आणि नणंदसुद्धा पडल्यापडल्या तोंड दाबून हसत होती.

तेव्हा बाई गर्दीकडे पाठ करून यंत्रघराकडे वळल्या आणि त्यांनी नवऱ्याला हाक मारली. नावानं. नुसत्या नावानं, अरे-तुरे करत. "अरे बाहेर ये! ये ना रे बाहेर!"

नणंदेचं हसू गेलं. लग्न होऊन आल्यापासून वहिनीनं दादाला 'अहो'शिवाय हाक मारलेली तिनं ऐकली नव्हती. भांडणातसुद्धा नाही, दवाखान्यातसुद्धा नाही. ती ताडकन उठली आणि दोरीकडे धावत सुटली. कपाळावरचं खोटं रक्त गालावर ओघळत होतं. "हे नाटक नाही!" ती लोकांच्या तोंडावर ओरडत होती. "माझा दादा आत आहे! पोरांना उचला, फाटकाकडे पळा!" तिच्या मागून तो वास दोरीपर्यंत पोचला, आणि मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. पोरं काखेत घेऊन लोक फाटकाकडे धावले. थोडी चेंगराचेंगरी झाली, पण सगळे बाहेर पडले. त्या गर्दीतलं कोणीही दगावलं नाही. बाई किंचाळल्या नसत्या, नणंद धावली नसती, तर काय झालं असतं ह्याची चर्चा पुढे कितीतरी दिवस चालली.

बाईंना त्यातलं काहीच दिसत नव्हतं. त्या दारापर्यंत गेल्या होत्या आणि खोकत मागे ढकलल्या गेल्या होत्या. त्यांच्या बाजूनं कोणीतरी आत गेलं. वाकून. लंबू होता तो. तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. अग्निशमनवाले पाण्याचा मारा सुरू करेपर्यंत तो मिस्त्रीला काखेत धरून ओढत बाहेर आला. त्यानं त्याला जमिनीवर ठेवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. मग आडवा झाला.

डॉक्टर धावत आले. त्यांच्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा तोच होता, तालमीचा. त्यांनी मिस्त्रीच्या नाकाशी गाल नेला, मानेवर बोटं ठेवली, डोळ्याची पापणी उघडून पाहिली. डोळा दुधासारखा पांढरा झाला होता. ते लंबूकडे वळले. लंबू खोकत होता, छाती घरघरत होती, पण डोळे उघडे होते. डॉक्टरांनी लंबूच्या गळ्यात लाल अडकवली आणि मिस्त्रीच्या गळ्यात काळी. मग ते उठून पुढे पळाले, फाटकापाशी आणखी माणसं पडली होती.

त्या चिठ्ठीचा अर्थ बाईंना सांगावा लागणार नव्हता. कित्येक वर्षं लोक त्यांना ओलांडून गेले होते.

त्या नवऱ्याच्या छातीवर कान टेकवून बसल्या. पाण्याचा धबधबा, भोंगा, किंकाळ्या. त्यातून त्यांना काही ऐकू आलं की आल्यासारखं वाटलं, ते त्यांनाही नंतर कधी सांगता आलं नाही. त्यांनी वर पाहिलं. नणंद परत आली होती. बाईंनी नवऱ्याच्या गळ्यातली काळी चिठ्ठी ओढून काढली आणि नणंदेच्या गळ्याकडे हात केला. नणंदेनं आपली लाल काढून दिली, ती बाईंनी नवऱ्याच्या गळ्यात अडकवली.

दोन स्ट्रेचरवाले जुन्या गाडीतून धावत आले आणि लंबूपाशी वाकले.

"ह्याला आधी," बाई म्हणाल्या. "ही लाल आहे. श्वास बंद पडतोय. ह्याला आधी घ्या."

"आमच्या गाडीत एकच जागा आहे, बाई."

"मग ह्याला. त्यांना नव्या गाडीत घाला. ती रिकामीच आहे."

रिकामी. शब्द तोंडातून गेल्यावर तो त्यांच्याच कानांत राहिला. स्ट्रेचरवाल्यांनी लाल पाहिली आणि मिस्त्रीला उचललं. लंबूनं मान वळवून बाईंकडे पाहिलं. त्याला कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. त्याचे ओठ हलत होते. बाई जुन्या गाडीत चढल्या आणि मुखवटा नवऱ्याच्या तोंडावर बसला. प्राणवायू सुरू झाल्याची फुसफुस ऐकू आली, तेव्हा दार लागलं.

नव्या गाडीतल्या मदतनिसानं वाटेत सिलिंडरची चावी फिरवली तेव्हा त्यातून काहीच आलं नाही. लंबू रुग्णालयाच्या दारापर्यंत जिवंत होता असं एकजण म्हणतो, दुसरा म्हणतो पुलावरच संपला.

मिस्त्री वाचला. डोळे गेले. फुप्फुसं इतकी होरपळली की खाटेवरून खिडकीपर्यंत चाललं तरी त्याला धाप लागायची. पण वाचला. डॉक्टर स्वतः बघायला आले आणि बराच वेळ खाटेपाशी उभे राहिले. "माझी चूक झाली असती," ते म्हणाले. "तुम्ही धीर धरलात." बाईंनी मान खाली घातली.

चौकशी झाली. तालमीदरम्यान तांत्रिक बिघाड, असं तिच्यात आलं. चित्रीकरणाचा पहिला भाग, मिस्त्री धावत आत जातो आणि चाक फिरवू लागतो तिथपर्यंतचा, स्वच्छ आला होता. तो वर गेला. अट पूर्ण झाली होती. पुढचा हप्ता आला, आणि दुर्घटना घडलेलं शहर म्हणून त्यावर वाढीव अनुदानही आलं. आपत्तीसाहेबांनी स्वतःहून बदली मागून घेतली. जाण्याआधी ते बाईंच्या दारापर्यंत आले, आत काही आले नाहीत. दारातूनच म्हणाले, "तो सिलिंडर आधी भरायला हवा होता. मला वाटलं, तालीम तर आहे." नवीन आलेल्या अधिकाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात माणूस पाठवला: यंदाच्या तालमीला बाई येतील का? बाईंनी आतूनच नाही म्हणून सांगितलं. नणंद तर भोंग्याची चाचणी असली की कानांत बोळे घालून बसायची. त्या चिठ्ठीबद्दल दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. एकदा नणंद भांडी घासता घासता म्हणाली, "वहिनी, दिली मीच होती." बाई म्हणाल्या, "नळ बंद कर, पाणी वाया जातंय."

मग एक दिवस दुपारी लंबूची बायको आली. हातात पिशवी, पिशवीत सफरचंदं. शीतगृह पुन्हा सुरू झालं होतं, तिथून तिला मिळाली होती.

"भावजींना बघायला यायचं होतं कधीपासून," ती म्हणाली. "धीर होत नव्हता. आता म्हटलं, माझा माणूस ज्याच्यासाठी गेला तो तरी डोळ्यांनी बघावा. तुमच्यामुळे माझी पोर वाचली बाई. तुम्ही ओरडला नसता तर..."

"बसा," बाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर अर्धवट शिवलेला पडदा होता. तो त्यांनी बाजूला ठेवला, पुन्हा मांडीवर घेतला. आणि मग सांगून टाकलं. काळी चिठ्ठी, लाल चिठ्ठी, एकच जागा, टणकन वाजलेला सिलिंडर. सगळं. आवाज हळू ठेवून, कारण आतल्या खोलीत नवरा जागा होता.

लंबूची बायको ऐकत राहिली. मध्ये एकदाच तिनं विचारलं, "तेव्हा तो शुद्धीवर होता?"

"हो."

"काही बोलला?"

"ओठ हलत होते. मी ऐकायला थांबले नाही."

मग लंबूची बायको उठली. बाईंना वाटलं, आता ही तोंडावर थुंकेल, नाहीतर चौकात जाऊन ओरडेल. ती दाराकडे न जाता आतल्या खोलीत गेली. बाई मागोमाग गेल्या. ती खाटेच्या कडेला उभी होती आणि खालीवर होणारी छाती बघत होती.

"कोण आलंय?" नवऱ्यानं विचारलं.

"मी. लंबूची बायको."

नवऱ्याचे हात हवेत चाचपडू लागले. तिचा हात सापडल्यावर त्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "मला त्यानं ओढून काढलं हो. त्याचा श्वास मी घेतोय."

तिनं हात काढून घेतला नाही. "हो," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या डोक्यावरून दारात उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं.

त्यानंतर ती येतच राहिली. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. कुठल्या दिवशी ते ठरलेलं नसतं. येऊन खाटेजवळच्या खुर्चीवर बसते. नवरा तिची वाट बघतो, दाढी करून घेतो, लंबूच्या गमती सांगतो. ती फार बोलत नाही. त्याला धाप लागली की जरा पुढे झुकते आणि ती थांबेपर्यंत ऐकत राहते. बाई चहा आणून देतात, ती घेते. "साखर बरोबर आहे?" बाई विचारतात. "बरोबर आहे," ती म्हणते.

तिनं अजून त्याला काही सांगितलेलं नाही. सांगणार आहे की नाही, हे बाईंनी विचारलेलं नाही. ती खोलीत असली की बाई बाहेर मशीनवर बसतात, पण पाय चालवत नाहीत. मशीन सुरू असलं की आतलं बोलणं ऐकू येत नाही.